बाद नमुना

मनसाराम भानारकरला कशाचीच किळस येत नाही, हे सिंदेवाही तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जनावरांच्या दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. अठ्ठावीस वर्षं. म्हशीची अडकलेली वार काढायला खांद्यापर्यंत हात घालायचा, बैलाच्या खुरातले किडे चिमट्यानं एकेक करून वेचायचा, आणि मग साबणानं हात धुऊन तिथेच व्हरांड्यात डबा उघडून जेवायला बसायचा. डॉक्टरसाहेब तेवढा वेळ नाकाला रुमाल लावून लांबून 'हां, बरोबर' म्हणत उभे. असे रुमालवाले डॉक्टर त्यानं सात पाहिले.

पण हाच माणूस पांढरा थर्माकोलचा डबा दिसला की तोंड फिरवून पचकन थुंकायचा. जात धिवराची, अख्खं घर मासोळीवर पोसलेलं. तरी बाजारात मासोळी बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यांतून यायला लागली तशी यानं ती खाणं सोडलं. लोक टिंगल करत, 'मनसारामभाऊ, किडे चालते अन् डबा नाई चालत का गा?' उत्तर त्याच्यापाशी होतं, पण ते पानठेल्यावर उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

त्या उत्तराची सुरुवात मूल या शेजारच्या गावात होते. नोकरीची पहिली काही वर्षं मनसाराम तिथे होता. एके दिवशी तिथल्या एका मास्तरांची दहा वर्षांची मुलगी, रीता, कुत्रं उचलून घेऊन आली. कुत्र्याच्या कानात किडे पडलेले. त्यानं कानात टर्पेंटाइन ओतलं, किडे वळवळत बाहेर यायला लागले. बरोबर आलेली शेजारीण ओकारी दाबत पळाली. पोरीनं मात्र दोन्ही हातांनी कुत्र्याचं तोंड धरून ठेवलं आणि नजर हटवली नाही. शेवटी म्हणाली, 'एकोणचाळीस.' किडे मोजत बसली होती! मनसारामनं घरी जाऊन बायकोला, गोकुळाला, सांगितलं, 'पोरगी पुढे जाईन, पाह्यजो.'

आणि गेलीच. नागपूर झालं, हैदराबाद झालं, सात वर्षं परदेशात काढली, आणि २००१ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेची जीप घेऊन डॉक्टर रीताबाई सिंदेवाहीच्या दवाखान्यासमोर उतरल्या. डोक्यात कुत्रीच होती, फक्त आता त्यांच्या रक्तातला मजकूर वाचायचा होता. मनसारामला त्यांनी व्हरांड्यात बसून, गावच्या बोलीत, नीट समजावलं.

'मनसारामभाऊ, माणसाले कॅन्सर काऊन होते, हे माणसात पाहाले गेलं तं साठ वर्षं थांबा लागते. कुत्रं दहा वर्षांत सारं जगून मोकळं होते. तोच भात खाते, त्याच चुलीच्या धुरात झोपते, अन् त्याले बी तसाच कॅन्सर होते. त्याच्या जनुकांत कोणती जागा कच्ची हाय ते सापडलं, का माणसातली तीच जागा तपासाची. म्हणजे कोणाले धोका हाय ते आधीच कळन.'

'म्हणजे कुत्र्यापासून माणसाचं भलं.'

'तेच म्हणून राह्यली मी.'

मनसारामला ते मनापासून पटलं. इतक्या वर्षांत कुणी त्याला काही समजावून सांगायच्या भानगडीत पडलं नव्हतं, सगळे नुसतं 'धर' आणि 'सोड' म्हणत आले होते. तो जीव तोडून कामाला लागला.

काम सोपं नव्हतं. बाईंना गाठ आलेली कुत्री हवी होती. गाठ म्हातारपणी येते, आणि या भागातल्या कुत्र्याला म्हातारपण बघायला मिळत नाही. तीन-चार वर्षांचं झालं की बिबट्या अंगणातून उचलून नेतो. दहा गावं पालथी घातली की एखादी पिकल्या तोंडाची कुत्री भेटायची. शिवाय बाईंना नुसती कुत्री नको होती, तिची आई, आजी, बहिणी कुठे आहेत तेही हवं होतं. हे कुठल्या कागदावर मिळणार? डॉक्टरसाहेब तर हसले. कुत्र्याची वंशावळ म्हणे!

ती वंशावळ गोकुळाच्या डोक्यात होती. आसपासच्या आठ-दहा गावांत एक रीत होती. लेक सासरी गेली की वर्षभरात माहेरच्या कुत्रीचं एक पिल्लू तिच्या मागोमाग जायचं, नव्या घरी तिच्या ओळखीचं कुणी असावं म्हणून. त्यामुळे बायका जशा नांदायला गेल्या तशी कुत्रीही गेली. गोकुळा डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी विकायची. कुणाची लेक कुठे दिली हे तिला पाठ होतं, म्हणून कुणाची कुत्री कुठे गेली हेही पाठ. ती तांदूळ निवडत बोलायची, मनसाराम वहीत लिहायचा. त्या वहीवरून रीताबाईंनी भिंतीएवढा तक्ता केला. सहा पिढ्या, एकशे नव्वद कुत्री, सगळी एकमेकांच्या नात्यात. असा तक्ता देशात कुणाकडे नाही, असं बाई म्हणाल्या. गोकुळाच्या हातचा मासोळीचा रस्सा दोनदा वाढून घेऊन खाल्ला आणि म्हणाल्या, 'वहिनी, अर्धी डॉक्टरकी तुमचीच हाय.' गोकुळा लाजून पदराआड हसली. पदर तोंडावर घ्यायची तिला सवय होती. गालात खर्रा असायचा ना.

या खर्ऱ्याबद्दल एकदाच बोलतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटायचा, तोंडात कोंबायचा आणि दिवसभर रस गिळत, पिचकाऱ्या मारत राहायचं. दवाखान्याच्या भिंती कमरेपर्यंत लाल. शाळेच्याही लाल, बँकेच्याही लाल. पाहुणा आला की पाण्याआधी खर्रा पुढे करतात, आणि नको म्हटलं तर राग धरतात. म्हशीच्या वारेला न शिसारणाऱ्या मनसारामनं जन्मात खर्रा तोंडात घातला नाही. बायकोला सांगून सांगून तो थकला होता.

बाईंच्या कामाची पद्धत चोख होती. कुत्रीच्या गाठीचे दोन तुकडे दोन छोट्या नळ्यांत टाकायचे, एक सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आणि एक जनुकांसाठी. नळीवर आकड्याची चिठ्ठी, सोबत एक फॉर्म, आणि सगळं बर्फ घालून पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यात. डबा नागपूरच्या एसटीनं जायचा, तिथून पुढे. आणि बाईंचा एक नियम होता, तो मनसारामला सगळ्यात आवडायचा. ज्याच्या कुत्रीची गाठ घेतली त्याला काय निघालं ते कळलंच पाहिजे. तीन आठवड्यांत छापील रिपोर्ट यायचा. साधी गाठ की कॅन्सरची, मराठीत लिहिलेलं, खाली सही-शिक्का. गावातल्या लच्छूनं आपल्या कुत्रीचा रिपोर्ट देवाच्या फोटोशेजारी काच लावून टांगला होता. घरातल्या माणसांपैकी कुणाच्या नावाचा तसा कागद त्याच्याकडे नव्हता.

२००३ च्या पावसाळ्यात गोकुळाच्या डाव्या गालात आतून चट्टा दिसला. मनसारामनं तिला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. तोंड पुरतं उघडतच नव्हतं. पांढऱ्या चट्ट्याच्या मधोमध लाल, कडा उचललेल्या, बोट लावलं तर टणक. दोन वर्षांत त्यानं असल्या कडा बारा कुत्र्यांच्या तोंडात पाहिल्या होत्या. त्याला त्याच क्षणी कळलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे तो स्वतःला ज्या गोष्टीसाठी माफ करू शकला नाही ती हीच: त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं आणि नागपूरला न्यायला सांगितलं. गोकुळा बाहेर आली आणि वडाखाली बसली.

'मी नाई येत नागपूरले.'

'काऊन?'

'माह्या बहिणीले नेलं होतं. अर्धा जबडा कापला अन् मंग मेली. चट्टा कोणाले नाई येत? चुन्यानं येते. तुमी कागद दाखवा मले. कागदावर लिवून असन, तं येतो. लच्छूच्या कुत्रीले कागद आला, मले काऊन नाई?'

तो समजूत घालत राहिला, रागावला, एकदा तर रडलाही. ती ढिम्म हलली नाही. कागद दाखवा.

पंधरा दिवसांनी तिची त्याच बाजूची दाढ हलायला लागली. बाजाराच्या दिवशी दात उपटणारा बसतो त्याच्याकडून ती काढून आली. दाढेबरोबर चिंचोक्याएवढं मांस निघालं. ते तिनं पळसाच्या पानात गुंडाळून आणलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

'घ्या. पाठवा तुमच्या डब्यात.'

मनसाराम त्या पानाकडे बघत राहिला. मग उठून त्यानं दोन नळ्या आणल्या, ब्लेडनं त्या तुकड्याचे दोन भाग केले. हात त्याचा सराईत होता, तो थरथरला नाही, आणि याचीही त्याला पुढे घाण वाटली. नळीवर आकडा टाकला एकशे सतरा. फॉर्म पुढे ओढला.

प्राणी: कुत्री.

ते लिहिताना मात्र त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. गोकुळा शेजारी बसून फॉर्म ऐकत होती. तिला हसू येत होतं, गाल दुखत होता म्हणून एकाच बाजूनं हसत होती.

'नाव काय लिवू?'

'गोकी लिवा. माय मले गोकीच म्हणे.'

'वय?'

'अठ्ठेचाळीस लिवान तं पकडल्या जासान. बाई म्हणे ना, कुत्र्याचं एक म्हणजे माणसाचे सहा. आठ लिवा.' हिशेब तिनंच केला.

मायचं गाव तिनं खरं सांगितलं. आई म्हातारपणानं गेली. बहीण याच रोगानं, तोंडाच्या डाव्याच बाजूनं. त्यानं सगळं लिहिलं. इतका पुरा भरलेला फॉर्म त्याच्या हातून आधी गेला नव्हता.

तीन आठवडे झाले, कागद आला नाही. चौथा झाला. गोकुळा रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला दारात यायची आणि नवऱ्याला जेवायला वाढताना विचारायची, 'आला का जी?' तिचं स्वतःचं जेवण आता पेजेवर आलं होतं. पाचव्या आठवड्यात मनसारामनं एसटीडी बूथवरून संस्थेत फोन लावला. रीताबाई दोन महिन्यांसाठी परदेशात होत्या. एक तरुण सहाय्यक बोलला, आणि एकशे सतरा म्हटल्याबरोबर त्याचा आवाज खुलला.

'एकशे सतरा? अहो, तो तर फार वेगळा नमुना आहे! बहीणपण त्याच रोगानं गेलेली ना? मॅडम आल्या की स्वतः बघणार आहेत. तोवर रिपोर्ट थांबवलाय.'

मनसारामच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ते कुत्र्याचं नाई, माह्या बायकोचं हाय. एवढंच बोलायचं होतं. बूथबाहेर चार माणसं खोळंबलेली, काच फुटकी, सगळं ऐकू जाणार. वर ही सरकारी नोकरी, आणि जनावराच्या फॉर्मावर माणसाचं मांस पाठवलेलं. तो 'बरं साहेब' म्हणाला आणि फोन ठेवला. घरी येऊन गोकुळाला सांगितलं, 'बाई खुद पाहून राह्यली तुझं.' तिला बरं वाटलं. वंशावळीचं काम केलं त्याची बाईला जाण आहे, म्हणाली.

आणखी सात आठवडे गेले. गाल बाहेरून फुगला. तोंडाला वास यायला लागला, तो वास मनसारामला ओळखीचा होता आणि घरभर होता. नोव्हेंबरच्या मध्याला पाकीट आलं. जाड होतं. गोकुळा भिंत धरून उभी राहिली.

आत एक पत्र होतं. रीताबाईंची सही.

'नमुना क्रमांक ११७ मध्ये मानवी अंश आढळल्याने तो बाद करण्यात येत आहे. नमुने हाताळताना तोंडात खर्रा अथवा तंबाखू नसावा व थुंकी उडू नये याची काळजी घ्यावी. यापुढे हातमोज्यांचा वापर करावा. सोबत हातमोज्यांची दोन पाकिटे पाठवीत आहोत.'

मनसारामनं ते दोनदा वाचलं. पत्र धरलेल्या बोटांवर काही लागलंय असं वाटून त्यानं हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला. गोकुळा म्हणाली, 'काय लिवलं हाय?'

'कॅन्सर लिवला हाय. नागपूरले जा म्हणून.'

'अन् हे काय हाय?'

'तपासाचं सामान हाय.'

गोकुळानं पत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का तिला ओळखू आला. तिनं पदर नीट केला. शब्दाला जागली बिचारी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाली, आणि पत्र घडी करून चोळीत ठेवलं होतं, दवाखान्यात दाखवायला. तिथल्या डॉक्टरनं ते वाचलंही नाही. गाल बघितला आणि मनसारामला बाजूला घेऊन म्हणाला, 'तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर कापून काढता आलं असतं. आता गळ्यात उतरलंय.'

मार्चमध्ये, धान कधीचं घरात येऊन पडलं होतं आणि मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हा, गोकुळा गेली. शेवटचे दहा दिवस जखमेत किडे झाले होते. ते मनसारामनंच काढले. टर्पेंटाइन घालता येईना, ती माणूस होती. चिमट्यानं एकेक काढले. मोजले नाहीत.

रीताबाईंना त्यानं काही कळवलं नाही. नमुने पाठवणं थांबवलं, विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाला. बाई दुसऱ्या तालुक्यात दुसरा माणूस धरून कामाला लागल्या. त्यांचं नाव होत गेलं. कुत्र्याच्या जनुकांत त्यांना एक कच्ची जागा सापडली, माणसातही तशीच सापडली, पेपरात फोटो आला. २००७ साली नागपुरात त्यांचं व्याख्यान ठेवलं तेव्हा त्यांनी आठवणीनं मनसारामला निमंत्रण पाठवलं. तो तेव्हा निवृत्त झाला होता. जायचं नाही असं ठरवून तो गेला.

त्याला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर गोकुळाचा तक्ता आला, सहा पिढ्या, एकशे नव्वद कुत्री. खाली लिहिलं होतं, माहिती स्थानिकांकडून. मग खेड्यात काम करताना काय काय अडचणी येतात ते बाई सांगायला लागल्या. रंगवून सांगायची हातोटी होती त्यांची. म्हणाल्या, 'एकदा तर एका नमुन्यानं आम्हाला तीन महिने वेड लावलं. वाटलं, काहीतरी जगावेगळं सापडलं! आणि शेवटी काय निघालं? आमच्या एका कार्यकर्त्याची खर्ऱ्याची पिचकारी!'

सभागृह खो-खो हसलं. मनसारामच्या शेजारचे गृहस्थ तर इतके हसले की त्याच्या मांडीवर थाप मारली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नव्हतं ते झालं, मनसारामला किळस आली. त्या हसणाऱ्या तोंडांची, पडद्यावरच्या तक्त्याची, आणि सगळ्यात जास्त, इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलेल्या स्वतःची.

व्याख्यान संपल्यावर बाईच हात जोडून जवळ आल्या. 'मनसारामभाऊ, राग नको धरा हं. नाव नाई घेतलं मी तुमचं.'

'एक विचाराचं होतं, बाई. त्या एकशे सतरामधी कुत्र्याचं किती निघालं होतं?'

रीताबाई म्हणाल्या, 'काहीच नव्हतं.'

'दोन्ही नळ्यांत?'

'दोन्ही नळ्यांत.'

'सगळं माणसाचं. मंग थुंकी काऊन लिवली? थुंकीचा असा चिंचोक्याएवढा तुकडा असते का?'

मनसारामनं पुढचं विचारलं.

'सूक्ष्मदर्शकात पाह्यलं होतं तुमी?'

'हो.'

'काय होतं?'

'कॅन्सर होता. माणसाचा. आमच्या अभ्यासात माणसं नव्हती, भाऊ... बाद करणं भाग होतं. मी विचाराले पाह्यजे होतं. कोणाचा होता तो?'

मनसारामनं खिशातून हातमोज्यांची दोन पाकिटं काढली. न फोडलेली, पिवळी पडलेली. ती बाईंच्या हातात ठेवली.

'मादी. आठ वर्षं. नाव गोकी. माय म्हातारपणानं मेली, बहीण याच रोगानं. मासोळीचा रस्सा मस्त करे. बाई, त्या फॉर्मावर एकच शब्द खोटा होता, प्राण्याच्या रकान्यातला. बाकी सारं खरं लिवलं होतं मी.'

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटांकडे, आणि मग कुठेच नाही. एकोणचाळीस किडे मोजेपर्यंत न हटलेली ती नजर त्याच्या समोर खाली गेली. मनसाराम सांत्वन करायला थांबला नाही.

बाहेर जेवणाची रांग लागली होती. 'काका, जेवून जा,' म्हणत कुणीतरी त्याच्या हातात ताटली दिली. पांढरी, थर्माकोलची. त्यानं ती टेबलावर परत ठेवली, पायरीपाशी जाऊन पचकन थुंकला आणि सिंदेवाहीची एसटी गाठायला निघाला.